ऑटोक्रॉससाठी रस्त्यावरचे टायर कसे निवडावेत: अमेरिकेतल्या नवख्या मराठी चालकांसाठी

ऑटोक्रॉसच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की बहुतेक नवखे एकच प्रश्न विचारतात: टायर कोणते घेऊ? अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेली, पहिल्या पगारातून सिव्हिक एसआय, मियाटा किंवा जीआर८६ घेतलेली आपली मुलंमुली हे जास्तच तळमळीने विचारतात, कारण गाडीचा हप्ता, विमा आणि घरभाडं भागवून हाती राहिलेल्या पैशातून हा खर्च करायचा असतो. स्ट्रीट, म्हणजे फारसे बदल न केलेल्या रोजच्या गाड्यांच्या वर्गात धावणाऱ्या टायरांचा सेट १७ इंची रिमसाठी साधारण ८०० ते १,२०० डॉलरांना पडतो. एवढे पैसे घालण्याआधी नीट विचार व्हावा, म्हणून हा लेख.

अजून एकदाही गेला नसाल तर थोडक्यात सांगतो. ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या पार्किंग लॉटवर किंवा जुन्या धावपट्टीवर केशरी कोन मांडून आखलेली वाट. गाड्या अंतराअंतराने एकेक सोडतात आणि लढत घड्याळाशी असते. एक फेरी बहुधा ३० ते ६० सेकंदांची, बराचसा वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग ताशी ४० ते ६० मैलांच्या आसपास. कोन पाडला तर तुमच्या वेळेत २ सेकंदांची भर पडते आणि वाट चुकली तर ती फेरी बाद. दिवसभरात तुमच्या वाट्याला चार ते आठ फेऱ्या येतात. उरलेला वेळ तुम्ही उन्हात उभे राहून इतरांनी पाडलेले कोन उचलून ठेवता. अमेरिकेत या स्पर्धांना सोलो म्हणतात. त्या मुख्यतः स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, या संस्थेच्या प्रादेशिक शाखा भरवतात.

पहिला मोसम गाडीवर आहेत त्याच टायरवर काढा

हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, पण माझा हा सल्ला पक्का आहे. बहुतेक गाड्या ऑल-सीझन टायरवर येतात. त्यांची पकड कमी असते, पण सुटताना ती हळूहळू सुटते आणि टायर आधी ओरडून सांगतो. वळणात वेग जास्त झाला की पुढचे टायर किंचाळतात, स्टीअरिंग हलकं पडतं, गाडी बाहेरच्या कोनाकडे सरकू लागते. हे सगळं तुम्हाला ऐकू येईल आणि कळेल इतक्या सावकाश घडतं. चिकट, म्हणजे जास्त पकडीच्या टायरवर पकड सुटण्याची ही हद्द जास्त वेगाला येते आणि ती ओलांडल्यावर सावरायला अवकाश थोडा मिळतो. शिवाय चिकट टायर तुमच्या चुका पोटात घालतो. उशिरा ब्रेक लावलात, स्टीअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवलंत, तरी गाडी कशीबशी वळते आणि तुम्हाला वाटतं की आपलं बरोबर होतं.

आहेत ते टायर वापरताना तीन गोष्टी तपासा. नक्षी पुरेशी खोल हवी; खोबणीत दिसणारे झिजेचे उंचवटे, म्हणजे २/३२ इंचाची खूण, नक्षीच्या बरोबरीला आली असेल तर तो टायर मैदानावर नेऊ नका. बाजूच्या भिंतीवर चीर किंवा फुगवटा नको. आणि टायर फार जुना नको. टायरवर डीओटी अक्षरांपुढे जो क्रमांक असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या २३व्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांपूर्वीच्या टायरचं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेलं असतं.

नवीन टायरची वेळ आली हे कसं ओळखायचं? माझी खूण अशी: दिवसाच्या शेवटच्या तीन फेऱ्यांच्या वेळा एकमेकींपासून काही दशांश सेकंदांतच असतील आणि शेजारी बसलेला अनुभवी प्रशिक्षक म्हणत असेल की आता तू गाडीची वाट बघतोयस, म्हणजे तू तयार आहेस पण गाडीच कमी पडतेय, तेव्हा टायर घ्या. जवळजवळ प्रत्येक शाखेत नवख्यांच्या शेजारी बसायला प्रशिक्षक मिळतात, आणि तेही बहुधा फुकट. विचारायला लाजू नका. त्या एका तासात जेवढा वेळ कमी होतो तेवढा कुठल्याही टायरने होत नाही.

वर्ग आधी, टायर नंतर

टायर घेण्यापूर्वी आपली गाडी कुठल्या वर्गात बसते ते पाहा. फारसे बदल न केलेली रोजची गाडी स्ट्रीट वर्गात येते. २०१४ साली जुन्या स्टॉक वर्गाची जागा स्ट्रीटने घेतली. त्याआधी स्टॉकमध्ये शर्यतीचे अतिशय मऊ टायर चालत, ते वेगळ्या रिमवर मैदानापर्यंत वाहून न्यावे लागत आणि काही स्पर्धांतच झिजून संपत. सामान्य माणसाला हा खर्च झेपेना, म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या टायरांची अट आली. आज स्ट्रीट आणि स्ट्रीट टूरिंग (गाडीत आणखी काही बदल चालणारा वर्ग) या दोन्हींत टायरचा ट्रेडवेअर, म्हणजे तो किती टिकतो ते सांगणारा आकडा किमान २०० असावा लागतो. मैदानावर लोक ज्याला नुसतं ‘दोनशेचा टायर’ म्हणतात तो हाच.

स्ट्रीट वर्गात रिमची रुंदी गाडीबरोबर आली तेवढीच ठेवावी लागते; व्यास एक इंचाने कमी किंवा जास्त चालतो. टायरचं माप मात्र तुम्ही बदलू शकता. ही सवलत पुढे माप ठरवताना फार कामाला येते, म्हणून आत्ताच ध्यानात ठेवा. नियमपुस्तक दरवर्षी नवं निघतं आणि एससीसीएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. टायर मागवायच्या आधी त्या वर्षीचा टायरांचा भाग स्वतः वाचा. मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या गोष्टीवर हजार डॉलर घालू नका.

२०० हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर तीन प्रतवाऱ्या छापलेल्या असतात: ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेंपरेचर. ट्रेडवेअरची चाचणी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या सार्वजनिक रस्त्यांवर होते. गाड्यांचा ताफा ठरावीक मार्गावर ७,२०० मैल चालवतात आणि उमेदवार टायरची झीज एका प्रमाण टायरच्या झिजेशी ताडून पाहतात. प्रमाण टायर १०० धरला तर त्याच्या दुप्पट टिकेल असा टायर २०० चा. हा आकडा सरकार देत नाही. उत्पादक स्वतः देतो. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसऱ्या कंपनीचा २०० यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एक टायर दोन मोसम चालतो, दुसरा एका उन्हाळ्यात संपतो, आणि छापलेला आकडा दोघांवर सारखाच.

ट्रॅक्शनचं अक्षरही असंच फसवं आहे. ती प्रतवारी ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेली असते. वळणातल्या पकडीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तेव्हा २०० हा स्पर्धेत शिरण्याचा परवाना समजा आणि निवड दुसऱ्या गोष्टींवर करा.

स्ट्रीटमध्ये बरोबर २०० चाच टायर लागतो, हा गैरसमज इथेच दूर करतो. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस किंवा कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ हेही उन्हाळी कामगिरीचे टायर आहेत. त्यांचे ट्रेडवेअर आकडे अनुक्रमे ३०० आणि ३४०. नियमाला किमान आकडा २०० हवा असल्यामुळे तेही स्ट्रीटमध्ये चालतात. रोज ऑफिसला जाणारी गाडी, महिन्यातून एखादा ऑटोक्रॉस, पावसात हायवे, अशी तुमची गरज असेल तर दुसऱ्या मोसमासाठी मी हाच प्रकार सुचवेन. खऱ्या चिकट दोनशेच्या टायरपुढे तुम्ही मागे पडाल हे खरं. पण टायर दोन-तीन वर्षं टिकेल, पाण्यात गाडी धरून ठेवेल आणि आवाजाने डोकं उठवणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: टायर किती लवकर तापतो आणि किती लवकर उतू जातो

नवखा माणूस ‘सर्वात जास्त पकड कोणाची’ हे शोधत राहतो. त्यापेक्षा टायर कुठल्या तापमानात काम करतो हे शोधा.

रबराची पकड त्याच्या तापमानावर ठरते. थंड रबर कडक असतं, डांबराच्या बारीक खाचखळग्यांत शिरत नाही. ठरावीक तापमानाला ते मऊ होतं आणि उत्तम धरतं. त्याहून तापलं की पृष्ठभाग लिबलिबीत होऊन घसरू लागतो; टायर उतू जातो म्हणतोय ते हेच. शर्यतीच्या ट्रॅकवर वीस मिनिटांचं सत्र असतं, तिथे टायरला तापायला सवड मिळते. ऑटोक्रॉसमध्ये मिनिटभरात खेळ संपतो आणि पुढची फेरी यायला पाच-दहा मिनिटं जातात. म्हणजे टायरने पहिल्या दोन-तीन वळणांतच काम सुरू केलं पाहिजे. ट्रॅकवर उत्कृष्ट ठरलेला टायर पार्किंग लॉटवर दगडासारखा वाटतो, तो यामुळेच.

आता यात तुमची स्वतःची परिस्थिती घाला. मिशिगन किंवा विस्कॉन्सिनमध्ये एप्रिलच्या सकाळी डांबर गारठलेलं असतं. तिथे लवकर तापणाऱ्या टायरला पर्याय नाही. टेक्सास, ॲरिझोनात जुलैच्या दुपारी डांबरावर हात ठेववत नाही. तिथे तोच टायर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उतू जातो. गाडी हलकी असेल, मियाटासारखी, तर टायर सावकाश तापतो. जड आणि पुढच्या चाकांनी ओढणारी असेल तर पुढचे दोन टायर वळण, ब्रेक आणि शक्ती असं सगळं ओझं घेतात आणि झपाट्याने तापतात, मागचे दोन मात्र थंडच राहतात. अशा गाडीचं शेपूट पहिल्या फेरीत अचानक सुटू शकतं. हे माहीत नसलं तर नवखा घाबरून ब्रेक मारतो आणि गिरकी घेतो.

आणि गाडी तुम्ही एकटे चालवता की दोघे? अमेरिकेत एकाच गाडीवर दोन चालक धावणं सर्रास चालतं. नवरा-बायको, दोन रूममेट, दोन सहकारी. खर्च निम्मा होतो आणि दुसऱ्याची फेरी बघून शिकायला मिळतं. पण मग फेऱ्यांमधला वेळही निम्मा होतो आणि टायर थंडच होत नाहीत. म्हणून तुम्हाला बरेच लोक बागेतला फवारणीचा पंप घेऊन फेऱ्यांच्या मध्ये टायरवर पाणी मारताना दिसतील. दोघांनी धावायचं ठरवलं असेल तर उष्णता सोसणारा टायर घ्या. एकटे असाल तर लवकर तापणारा.

नावं घेऊन बोलायचं तर

इथे मी माझं मत देतोय. उत्पादक रबराचं मिश्रण बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं चित्र आपल्या शाखेतल्या लोकांना विचारून ताडून पाहाच.

ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस हा जाणकारांचा लाडका. याच्या आधीच्या आरई-७१आर या टायरने २०१५ च्या सुमारास दोनशेच्या टायरांची पातळीच बदलून टाकली होती. आरएस लवकर तापतो, स्टीअरिंगला तत्काळ उत्तर देतो, दोन चालकांचा मारा बऱ्यापैकी सोसतो आणि हद्दीवर काय चाललंय ते हाताला कळतं. महाग आहे. जिंकण्याची भूक लागलेल्या आणि हात बसलेल्या चालकाने एकच टायर विचारला तर मी हाच सांगतो.

योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ गार हवेत आणि एकाच चालकाच्या हाती बहुधा सर्वात चिकट. पहिल्या फेरीतच तयार. पण तो लवकर तापतो तसा लवकर उतूही जातो आणि झिजतोही भराभर. गरम प्रदेशात फवारणीचा पंप जवळ नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांसाठी तर मुळीच नको. तुमचे पैसे हायवेवर उडून जातील.

फाल्कन अझेनिस आरटी६६० आणि कुम्हो एक्स्टा व्ही७३० हे मधले टायर. वरच्या दोघांपेक्षा किंचित मागे, पण किंमत बरीच कमी. दोनशेच्या टायरवर पहिल्यांदाच बसणाऱ्याला मी यांतलाच एखादा घ्यायला लावतो, कारण तो किंचित फरक नवख्याच्या दोन फेऱ्यांमधल्या फरकापेक्षा लहान असतो. वाचलेल्या पैशात चार-पाच स्पर्धांची प्रवेश फी निघते.

हँकुक व्हेंटस आरएस४ खूप टिकतो आणि उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे ट्रॅकवर जाणाऱ्यांमध्ये तो लोकप्रिय आहे. ऑटोक्रॉसवर मात्र त्याला तापायला वेळ लागतो, आणि थंड किंवा ओल्या दिवशी तो निराश करतो. ऑटोक्रॉस आणि ट्रॅक एकाच सेटवर करायचं असेल तरच याचा विचार करा. कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट फोर्स हाही ट्रॅककडे झुकलेला टायर.

माप ठरवणं

टायरवर २१५/४५आर१७ लिहिलं असेल तर २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. नवख्याच्या मनात पहिला विचार येतो तो रुंद टायर घेण्याचा, आणि तो बरोबरही आहे. जास्त रबर जमिनीवर आलं की उष्णता जास्त जागेत वाटली जाते आणि पकड टिकते. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय माप वाढवू नका.

पहिली, रिमची रुंदी. प्रत्येक मापाच्या टायरला किती रुंद रिम चालते हे उत्पादक जाहीर करतो. २२५/४५आर१७ ला साधारण ७ ते ८.५ इंचांची रिम चालते. २४५/४०आर१७ ला ८ ते ९.५ इंचांची. जीआर८६ च्या कमी किमतीच्या प्रकारावर ७.५ इंच रुंद रिमवर २१५/४५आर१७ येतो. त्यावर २२५ आरामात बसतो. स्पर्धेत काही जण अरुंद रिमवर उत्पादकाच्या मर्यादेपलीकडचा रुंद टायर चेपून बसवतात, कारण स्ट्रीट वर्गात रिम रुंद करता येत नाही. त्यात टायरच्या भिंती आत ओढल्या जातात, वळणात डुलतात आणि त्यांना उभं ठेवायला हवा जास्त भरावी लागते. नवख्याने उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच राहावं, असं मला ठामपणे वाटतं. पहिल्याच सेटमध्ये हा प्रयोग केला तर गाडीची वागणूक तुमच्यामुळे बदलली की टायरमुळे, हे कळतच नाही.

दुसरी, एकूण व्यास. २१५/४५आर१७ चा व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर, २२५/४५आर१७ चा सुमारे ६३४. म्हणजे दुसऱ्या टायरवर गाडी किंचित उंच होते आणि गिअर किंचित लांबतात. उलट लहान व्यासाचा टायर घेतला तर गिअर आखूड होतात, कोपऱ्यातून गाडी जोरात सुटते, पण दुसरा गिअर लवकर संपतो. आपल्या शाखेच्या वाटेवर लांब सरळ पट्टे असतील आणि दुसऱ्या गिअरची मर्यादा लागत असेल तर लहान व्यास नडतो. हे गणित कागदावर दोन मिनिटांत होतं: रुंदी गुणिले टक्केवारी गुणिले दोन, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४.

तिसरी, जागा. पूर्ण वळवलेलं चाक आतल्या प्लास्टिकला किंवा सस्पेन्शनच्या नळीला घासत नाही ना, ते आपल्याच गाडीच्या दुसऱ्या मालकाला विचारा. मैदानावर प्रत्येक लोकप्रिय गाडीचे दोन-चार मालक हमखास भेटतात आणि ते सगळं उलगडून सांगतात. या खेळातला हा मोकळेपणा मला फार आवडतो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

रोजच्या चाकांवर की वेगळ्या सेटवर

महिन्याला एकच स्पर्धा आणि मैदान जवळ असेल तर एकाच सेटवर वर्ष काढता येतं, पण फक्त कोरड्या आणि उबदार राज्यात. उन्हाळी टायर साधारण ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४ अंश सेल्सियसच्या खाली वापरायचे नसतात. पकड तर जातेच, शिवाय फार थंडीत रबराला तडे जातात. शून्याखाली सात अंश सेल्सियसपर्यंत पारा उतरणाऱ्या गॅरेजमध्ये ते ठेवूही नयेत; तळघरात किंवा घरात आणा. चुकून तसे गोठलेच तर हलवाहलव न करता आधी उबदार खोलीत दिवसभर राहू द्या.

झिजलेल्या दोनशेच्या टायरवर जोराच्या पावसात हायवेने घरी येणं हा खरा धोका आहे. नक्षी उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. परतीच्या वाटेवर पाऊस असेल तर वेग उतरवा, थांबायची वेळ आली तर थांबा.

मध्य-पश्चिमेत किंवा ईशान्येत राहत असाल तर वेगळ्या रिमचा सेट शेवटी स्वस्त पडतो. सिव्हिकमध्ये मागची सीट पाडून चार चाकं मावतात. मियाटात मावत नाहीत, म्हणून मियाटावाले मागे छोटा ट्रेलर लावून येतात. बरोबर एक बुटका जॅक, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला नटांचा टॉर्क लिहिलेला कागद ठेवा. चाकं बदलल्यावर नट त्या टॉर्कला आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

मैदानावर हवा कशी ठरवायची

टायर विकत घेण्याइतकीच मेहनत हवेवर घ्या, कारण तिला पैसे पडत नाहीत. चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवरचा आकडा हा रस्त्यासाठीचा, थंड टायरचा. तो फक्त सुरुवात म्हणून धरा.

पांढरं द्रवरूप शू पॉलिश किंवा खडू घेऊन टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे तीन जागी आडवे पट्टे ओढा. फेरी झाल्यावर पाहा. बऱ्याच टायरवर कडेला एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. पट्टा त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला तर हवा ठीक. त्रिकोणाच्या पलीकडे, भिंतीवर पुसला गेला तर टायर लोळतोय, २ पीएसआय वाढवा. त्रिकोणापर्यंत पोचलाच नाही तर कमी करा. ही पद्धत ढोबळ आहे, पण पहिल्या मोसमाला पुरते. पुढे घड्याळ आणि हातच जास्त खरं सांगतात.

हलक्या, मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीसाठी गरम टायरमध्ये पीएसआयचे तिशीच्या सुरुवातीचे आकडे बरे पडतात. अरुंद रिमवरच्या जड, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला पुढे तिशीच्या शेवटापर्यंत जावं लागतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागे हवा थोडी जास्त ठेवली तर शेपूट मोकळं होतं आणि गाडी वळायला तयार होते. नवख्याने हे हळूहळू, एका वेळी २ पीएसआयच करावं. दर १० अंश फॅरनहाइटला हवा साधारण १ पीएसआय बदलते, म्हणून सकाळी भरलेली हवा दुपारी तशीच राहील असं समजू नका. प्रत्येक फेरीनंतर मोजा आणि वहीत लिहा: हवा, डांबर कोरडं की ओलं, ऊन की ढग, वेळ, गाडी कुठे सरकली. मोसमाच्या शेवटी ही वही पुढच्या टायरची निवड तुमच्यासाठी अर्धी करून ठेवते.

झिजेकडेही लक्ष ठेवा. ऑटोक्रॉसमध्ये पुढच्या टायरची बाहेरची कड आधी जाते, कारण रस्त्याच्या गाड्यांना चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं, म्हणजे उणे कॅम्बर, थोडंच असतं. कंपनीने दिलेल्या मर्यादेत जेवढा जास्तीत जास्त उणे कॅम्बर मिळेल तेवढा घ्या. अलाइनमेंटच्या दुकानात तसं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ते मधला आकडा लावून देतात. पुढचे-मागचे टायर दर दोन-तीन स्पर्धांनंतर अदलाबदल करा. एकाच दिशेने फिरणारी नक्षी असेल तर टायर रिमवरून काढून दुसऱ्या बाजूच्या रिमवर चढवता येतो आणि झिजलेली कड आत जाते.

पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांसाठी थोडंसं

भारतात मोटर स्पोर्टचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, करते. तिथे ऑटोक्रॉस पुष्कळदा मातीवर होतो आणि मातीचे टायर हा पूर्णपणे वेगळा विषय आहे. वरचं काहीच तिथे लागू पडत नाही. डांबरावर धावणार असाल तर तापमान, माप आणि हवा यांबद्दलचं सगळं जसंच्या तसं वापरा, पण टायरांची नावं सोडून द्या. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात सरकारने निर्बंधित यादीत टाकली आहे आणि टायरवर आयएसआयची खूण लागते, त्यामुळे वरचे बरेचसे टायर दुकानात सहजी मिळत नाहीत. रीतसर मिळणाऱ्या उन्हाळी कामगिरीच्या टायरांतून तुमच्या रिमला बसेल तो निवडा. कुणी सामानातून आणून देतो म्हटलं तर त्या फंदात पडू नका.

खरेदीची वेळ

लोकप्रिय मापं, विशेषतः १५ आणि १७ इंचांची, वसंत ऋतू येईपर्यंत संपलेली असतात. उत्तरेकडची बहुतेक वेळापत्रकं एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून फेब्रुवारीतच मागवा. टायर हातात आल्यावर बसवण्यापूर्वी चारही टायरांची आठवडा-वर्षाची खूण पाहा. दोन जुने आणि दोन ताजे आले असतील तर परत करा. बसवल्यावर दुकान ऐकत नाही. पहिले शंभरेक मैल शांतपणे चालवा. साच्यातून काढताना लावलेला थर त्यात निघून जातो आणि रबर एकदा गरम होऊन थंड होतं. नवेकोरे टायर थेट पहिल्या फेरीला नेलेत तर गाडी साबणावर चालल्यासारखी वागेल.

सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकनला एससीसीएची राष्ट्रीय सोलो स्पर्धा असते. जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर दोन वेगळ्या वाटा, प्रत्येकीवर तीन फेऱ्या. त्याच सुमारास इथल्या महाराष्ट्र मंडळांचे गणपती शनिवार-रविवारी येतात, त्यामुळे दोन्हीकडे हजेरी लावायची असेल तर तारखा आधीच जुळवाव्या लागतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी भाग घ्यायलाच हवा असं नाही, नुसतं बघायला जरी गेलात तरी चालेल. पार्किंगमध्ये फिरून आपल्यासारख्याच गाडीवर कुठला टायर, कुठलं माप आहे ते पाहा आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळात मालकाला विचारा. काँक्रीटवर पकड डांबरापेक्षा वेगळी असते, तेव्हा तिथे जिंकलेला टायर तुमच्या शाखेच्या पार्किंग लॉटवरही तसाच वागेल असं धरून चालू नका. घरी आल्यावर आपल्या वहीतल्या नोंदी समोर ठेवून मगच ऑर्डर द्या.